वेणूबाई गाडीत बसत नाहीत

संघप्रिया खिल्लारेला जपानी भाषा शिकून पाच वर्षं झाली होती, पण जिवंत जपानी माणसाशी ती सगळं मिळून अर्धा ताससुद्धा बोलली नव्हती. महाप्याच्या एका ऑफिसात बसून ती पंपांची आणि प्रिंटरांची माहितीपुस्तकं जपानीतून मराठी-हिंदीत उतरवायची. कागदावरची जपानी भाषा कशी गप्प बसते, हवा तितका वेळ देते. त्यामुळे भाषांतराची कामं देणाऱ्या एजन्सीतून फोन आला आणि दोन दिवस दुभाषी म्हणून येशील का असं विचारलं, तेव्हा ती हो म्हणून मोकळी झाली आणि फोन ठेवल्यावर लगेच जुन्या वह्या शोधायला लागली.

काम तसं साधं होतं. मिझुहारा मोटर या जपानी कंपनीचे एक इंजिनियर येणार होते. नवी मुंबईत त्यांची ‘नागी’ ही छोटी गाडी वापरणाऱ्या लोकांच्या घरी जायचं, गाडीबद्दल काय वाटतं ते विचारायचं. नेहमीच्या दुभाषाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन निघालं होतं, म्हणून संघप्रिया.

कामोठ्याच्या घरी तिनं दोन संध्याकाळी बसून कंपनीच्या पुस्तिकेतून तिचा सगळा इतिहास घोकला. समुद्रकाठच्या एका गावात पंप बनवणारा छोटा कारखाना, युद्धानंतर तीनचाकी टेम्पो, मग छोट्या मोटारी, मग देशोदेशी कारखाने. कोणतं मॉडेल कोणत्या साली आलं हे तिला परीक्षेसारखं पाठ झालं. ‘नागी’ म्हणजे वारा पडल्यावरचा शांत समुद्र, हेही पुस्तिकेत होतं. आपल्याकडे सगळे त्या गाडीला ‘नागीन’ म्हणतात, हे मात्र पुस्तिकेत नव्हतं.

इंजिनियरसाहेबांचं नाव हायाशिदा. वय एकोणसाठ, अंगानं काटकुळे, खिशात छोटी वही आणि गळ्यात चष्म्याची दोरी. त्यांच्या जिभेला ‘संघप्रिया’ काही पेलेना. दोनचारदा प्रयत्न करून त्यांनी ‘सांगा-सान’, म्हणजे सांगाबाई, यावर समाधान मानलं. त्यामुळे दिवसभर असं झालं की ते तिला हाक मारायचे आणि समोरच्या माणसाला वाटायचं, साहेब आपल्यालाच ‘सांगा’ म्हणतायत. लोक लगेच बोलायला लागायचे.

पहिलं घर कोपरखैरण्यात. दिपेश नावाचा बँकेतला माणूस, तीन वर्षांपूर्वी गाडी घेतलेली. चहा येईपर्यंत तो नीट बोलत होता. साहेबांनी गाडीत काय त्रास आहे असं विचारलं आणि त्याचा बांध फुटला. एसी लावला की कुबट वास येतो. चार वेळा गाडी दाखवायला नेली, चारही वेळा धुऊन परत दिली. सीवूड्सच्या ट्रॅफिकमध्ये क्लच धरून धरून पाय भरून येतो.

“मॅडम, साहेबांना जसंच्या तसं सांगा,” तो शेवटी म्हणाला. “गाडी विकताना तुमची माणसं आमच्या पाया पडायची बाकी होती. आता मी शोरूमच्या दारात गेलो तर वॉचमन पण ओळख देत नाही. आमी काय भीक मागतोय काय?”

संघप्रियाच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. समोर परक्या मुलखातून आलेला, वडिलांच्या वयाचा पाहुणा मान किंचित झुकवून बसलेला. असलं कसं सांगायचं? तिनं जपानीत सांगितलं की हवेच्या यंत्रणेबद्दल यांच्या काही सूचना आहेत, आणि विक्रीनंतरच्या सेवेत थोडी सुधारणा झाली तर त्यांना आनंद वाटेल.

हायाशिदांनी वहीत लिहिलं. लिहिण्याआधी त्यांनी दिपेशच्या लालबुंद चेहऱ्याकडे एकदा आणि तिच्याकडे एकदा पाहिलं.

त्या दिवशी आणखी दोन घरं झाली. कामोठ्यातल्या एका शाळेच्या बाई गाडीवर इतक्या खूश होत्या की त्यांनी दसऱ्याला गाडीला घातलेल्या हाराचे फोटो दाखवले. तिथं भाषांतर भराभर झालं. गोड बोलणं एका भाषेतून दुसऱ्या भाषेत घसरत जातं. तिसऱ्या घरी परत तक्रारी निघाल्या आणि संघप्रियानं परत त्यांच्यावर साखर पेरली.

परतताना पाम बीच रोडवर हायाशिदा बराच वेळ खाडीच्या बाजूला बघत होते. मग त्यांनी शांतपणे विचारलं, “सांगा-सान, सकाळी ते गृहस्थ चार मिनिटं बोलले. तुम्ही दोन वाक्यं सांगितलीत. मराठी फार लांबलचक भाषा आहे का?”

तिनं मान खाली घालून बॅगेचा पट्टा नीट केला.

“तुम्ही मला वाईट वाटू नये म्हणून मध्ये उभ्या राहता,” ते म्हणाले. “त्यामागचं मन मला कळतं. पण मी सहा हजार किलोमीटर आलोय ते मला कुणी वाचवावं म्हणून नाही. उद्या शब्द आहेत तसे माझ्यापर्यंत आणाल का?”

आवाजात राग नव्हता, आणि त्याचंच तिला जास्त लागलं. घरी आल्यावर तिनं बॅग टाकली आणि आईपाशी स्वयंपाकघरात जाऊन बसली. उद्या एजन्सी दुसरं कुणीतरी पाठवेल, असं म्हणाली.

तिची आई, विमलबाई, हिंगोलीकडच्या. लग्नानंतर नवी मुंबईत आल्या आणि बावीस वर्षं एका दवाखान्यात आया म्हणून राबल्या. मराठवाड्याकडच्या, बंजारा, वडार, कुठकुठल्या बायका तिथं यायच्या. डॉक्टरांना त्यांचं बोलणं उमजायचं नाही आणि त्यांना डॉक्टरांचं. मग विमलबाईंना मध्ये उभं करायचे. हे संघप्रियाला ठाऊक होतं, पण त्याला दुभाषाचं काम म्हणतात हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

विमलबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. “बाई म्हनली पोटात आग व्हायलीय, तर म्या आगच सांगायची,” त्या म्हणाल्या. “म्या माझ्या मनानं ‘जरा दुखतंय’ म्हनले अन् ती बाई गेली, तर कुनाच्या जिवावर? आपन मधल्या मानसानं चव नाय घ्यायची. जसं ताट आलं तसं पुढं द्यायचं.”

संघप्रियानं त्यावर वाद घातला. तिथं जिवाचा प्रश्न होता, इथं गाडीच्या वासाचा आहे, असं ती म्हणाली. विमलबाईंनी तिच्या पानात भाकरी वाढली आणि मानसाला आपलं म्हननं पोचलं की नाय याचंच पडलेलं असतं, एवढं बोलून विषय मिटवला.

सकाळी एजन्सीचा फोन आला नाही. गाडी ठरल्या वेळी आली. संघप्रिया आत बसली आणि पहिल्या सिग्नलच्या आत तिनं हायाशिदांना दिपेशचं सगळं म्हणणं सांगितलं, वॉचमनपासून भिकेपर्यंत. त्यांनी सगळं उतरवून घेतलं. मग तिनं नागीनचंही सांगून टाकलं. शांत समुद्राचं नाव इथं येऊन साप झालंय हे कळल्यावर हायाशिदा आधी गंभीर झाले आणि मग खांदे हलवत हसायला लागले. 

त्या दिवशी एकच घर होतं, उरणच्या बाजूला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कंटेनरच्या चळती, ट्रेलरच्या रांगा, आणि त्यांच्या आड अचानक एक गाव. सिताराम घरत नावाचे बहात्तर वर्षांचे आगरी गृहस्थ दारातच उभे होते. त्यांची नागी चौदा वर्षांची होती, आणि अशी पुसलेली की तिच्यात नारळीचं झाड दिसत होतं. आजवर एकदाही रस्त्यात बंद पडली नाही, सितारामशेठ सांगत होते. भरतीचं पाणी रस्त्यावर आलं तेव्हा मोठमोठ्या गाड्या अडकल्या आणि ही पोहत निघाली. मुलीचं बाळंतपण, भावाचा डायलिसिस, देवाच्या जत्रा, सगळं हिनं केलं. जपानी माणूस प्रामाणिक, त्याची गाडी प्रामाणिक.

संघप्रियानं शब्दाला शब्द सांगितला. हायाशिदा मान हलवत होते, पण त्यांचं लक्ष घरात होतं. आतून भांड्यांचा आवाज येत होता आणि कुणी बाहेर येत नव्हतं. त्यांनी विचारलं, घरातल्या बाईंना गाडीबद्दल काय वाटतं?

सितारामशेठचा चेहरा उतरला. “ती नाय बसत गारीन,” ते म्हणाले. “दोन वर्सं झाली. बसनं जाते, रिक्षानं जाते, नायतर जातच नाय. सख्खी बहीण करंज्याला रवते, तिकडं पन नाय गेली.”

का, ते त्यांना सांगता येईना. गुडघ्यांचं दुखणं आहे, म्हणाले, पण मुलगा उचलून बसवतो की.

संघप्रिया परवानगी घेऊन आत गेली. वेणूबाई मोरीपाशी बसून बोंबील साफ करत होत्या. ठसठशीत कुंकू, आखूड लुगडं, अंगानं दणकट, फक्त उजवा पाय सरळ लांब ठेवलेला. पाहुण्यांना गाडीचं चांगलं ऐकायचं असेल तर बाहेर जा, असं त्या आधीच म्हणाल्या. संघप्रियानं पाटावर बसकण मारली आणि त्यांना वाईटच ऐकायचंय, मावशी, असं सांगितलं.

वेणूबाईंनी सुरी खाली ठेवली.

“मना ती गारी नको,” त्या म्हणाल्या. “पोरगा माझे काखेन हात घालतो, उचलतो न आत टाकतो. सगला गाव बघतो. मी जल्मभर मिठागरान काम केलाय. मीठ उचललाय मी. आता मनाच उचलतात. मी काय मिठाची गोन हाय?”

संघप्रिया उठली. ती बाहेर आली, हायाशिदांसमोर उभी राहिली, आणि तिला गोणीला जपानी शब्दच आठवेना. मग तांदूळ भरायच्या पेंढ्याच्या पोत्याचा जुना शब्द आठवला. तोच वापरून तिनं सगळं सांगितलं, काखेतले हात, बघणारा गाव, आणि मिठाची गोण. एक अक्षरही कमी केलं नाही.

हायाशिदांनी वही बंद केली.  आपण जास्तच सांगितलं की काय, असं तिला वाटायला लागलं.

“आमची कंपनी मिठातून निघाली,” ते म्हणाले. “पुस्तिकेत नुसतं पंप लिहिलंय. पंप कशासाठी ते नाही लिहीत कुणी. आमच्या गावाला समुद्रकाठी मिठागरं होती. बायका खांद्यावर कावडीनं समुद्राचं पाणी वाहायच्या, दिवसाला शेकडो खेपा. आमच्या संस्थापकांची आई त्यातलीच. तिच्या खांद्याचा घट्टा बघून त्यांनी पहिला पंप केला. मग मीठ स्टेशनवर न्यायला तीनचाकी केली. नंतर मिठागरं बंद पडली, गाड्या राहिल्या. माझी आजीही त्याच मिठागरात होती.”

संघप्रिया ते घेऊन परत आत गेली. वेणूबाईंनी ऐकून घेतलं, कावडीचं दोनदा विचारून घेतलं. एका वेळी किती पाणी, पायात काय घालायच्या, मिठानं त्यांचे पण पाय फुटायचे का? उत्तरं आणायला संघप्रियानं चार फेऱ्या मारल्या. त्यांचेही फुटायचे आणि रात्री तेल लावायच्या, असं कळल्यावर वेणूबाई भिंतीला धरून उठल्या. हात धुतले, पदर खोचला आणि बाहेर आल्या.

साहेबांची विनंती एकच होती: गाडीत चढताना नेमकं काय होतं ते दाखवाल का? वेणूबाईंनी अंगणात जमलेल्या बाप्यांकडे बघितलं. सगळे मागं जावा, म्हणाल्या. नवऱ्यालाही सोडलं नाही. सितारामशेठ निमूट घरामागं गेले.

मग वेणूबाई मागच्या दरवाजाशी उभ्या राहिल्या. हायाशिदा सरळ मातीत आडवे झाले, गाल जमिनीला लावून त्यांच्या पायांकडे बघत. डावा पाय उंबऱ्यासारख्या त्या कडेवर ठेवला की सगळा भार उजव्या गुडघ्यावर यायचा. डावा हात वर जायचा आणि दोन दरवाजांमधल्या खांबाच्या आतल्या अंगाला काहीतरी शोधायचा. तिथं गुळगुळीत प्लास्टिक. हात घसरायचा, तोल जायचा. तीन वेळा त्यांनी करून दाखवलं, तिन्ही वेळा हात त्याच जागी गेला. हायाशिदांनी खिशातून पांढरी पट्टी काढून नेमकी तिथं चिकटवली. मग कडेची जमिनीपासूनची उंची मोजली, परत मोजली.

उठले तेव्हा त्यांच्या शर्टाला माती लागली होती. झटकलीही नाही. ते वेणूबाईंसमोर उभे राहिले आणि हळूहळू, एकेक वाक्य सोडून बोलले, म्हणजे संघप्रियाला सांगता यावं.

“ही कड मी आखली. वीस वर्षांपूर्वी, कागदावर. मी तेव्हा तरुण होतो. चढून बघणारे सगळे पँट घातलेले पुरुष होते. हात कुठे जाईल हे मी कुणा आजीला विचारलं नाही. चूक माझी आहे.”

आणि ते कमरेतून खाली वाकले, वाकलेलेच राहिले.

वेणूबाई गोंधळल्या. “अगो, त्यांना सरल उभा कर आधी,” त्या संघप्रियाला म्हणाल्या. “कमर धरल. बोल त्यांना, चूक समजली ना, मग आता काय करायचा तो बोला.”

संघप्रियानं तेही तसंच सांगितलं. हायाशिदा सरळ झाले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर कामाला लागलेल्या माणसाची घाई दिसली. नवी गाडी कधी बदलेल ते माझ्या हातात नाही, ते म्हणाले. पण या गाडीचं आत्ता बघू. दोर आहे का?

सितारामशेठना मागून बोलावलं. होडीचा नायलॉनचा दोर निघाला. पुढच्या सीटच्या उशीला ज्या दोन लोखंडी दांड्या असतात, त्यांना सितारामशेठनी कोळ्याची गाठ मारून फास बांधला. हायाशिदांनी ती गाठ हिसके देऊन तपासली आणि वहीत तिचं चित्र काढून घेतलं. घरातला आंघोळीचा रुंद पाट कडेखाली ठेवला, तो डुगडुगला म्हणून खाली विटेचा तुकडा सारला. मग हायाशिदांनी स्वतः करून दाखवलं: आधी पाठमोरं व्हायचं, पाटावर उभं राहायचं, फास धरून बूड टेकवायचं आणि पाय मागाहून आत घ्यायचे. ते असे बसताना बघून वेणूबाईंना पदर तोंडाला लावून हसू दाबावं लागलं. नव्या नवरीसारखे बसतात, म्हणाल्या. संघप्रियानं सांगितलं, आणि तेही हसले.

पहिल्या वेळी वेणूबाईंचं लुगडं सीटबेल्टच्या खटक्यात अडकलं. हायाशिदांनी लिहून घेतलं. दुसऱ्या वेळी फास फार खाली पडला, गाठ वर घेतली. तिसऱ्या वेळी त्यांनी दात आवळले, दोराला ओढ दिली, आणि त्या बसल्या. दोन्ही पाय आत घेतले. कुणाचा हात लागला नाही.  मग त्यांनी दरवाजा स्वतः ओढून बंद केला.

सितारामशेठ काचेपाशी गेले. वाकून आत बघायला लागले.

“बगतस काय,” वेणूबाई आतून म्हणाल्या. “चल करंज्याला.”

पाहुणे आहेत, जेवण व्हायचंय, असं सितारामशेठ म्हणायला लागले. पाहुण्यांना सूनबाई वाढेल, असं उत्तर आलं. सितारामशेठनी हायाशिदांकडे बघून हात जोडले आणि चावी आणायला धावले. पाट डिकीत टाकायला मात्र विसरले, तो घेऊन संघप्रियाला गाडीमागं पळावं लागलं.

 जेवताना हायाशिदांनी बोंबलाचं कालवण दोनदा घेतलं. निरोप घेताना त्यांनी सुनेला विचारलं, तुम्हाला गाडीबद्दल काय वाटतं? तिनं अर्धा तास सांगितलं.

पाच महिन्यांनी त्यांचा मेल आला. निवृत्त व्हायला त्यांना तीन महिने राहिले होते. कंपनीत त्यांनी सगळ्यांसमोर उरणच्या अंगणातले फोटो दाखवले होते. नव्या नागीची कड चार सेंटिमीटर खाली आणायला आणि खांबाच्या आतल्या बाजूला मूठ बसवायला तत्त्वतः होकार मिळाला होता. तत्त्वतः म्हणजे नक्की नव्हे, त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं. खर्चवाले लोक चार सेंटिमीटरचे दोन करू बघतायत, भांडण चालू आहे. दिपेशना वासाबद्दल वेगळं पत्र गेलं आहे, आणि कंपनीच्या मुंबईतल्या अधिकाऱ्यांना त्याहून वेगळं. सोबत एक यादी होती. आणखी बारा घरं, या वेळी फक्त साठीच्या पुढच्या बायका. येणार होती त्यांच्या जागी काम करणारी एक तरुण इंजिनियर बाई. दुभाषी म्हणून त्यांनी एकच नाव कळवलं होतं, आणि या वेळी ते पूर्ण, बिनचूक लिहिलं होतं: संघप्रिया खिल्लारे.

तिनं ऑफिसात आठ दिवसांची रजा टाकली. मग यादी समोर घेऊन पहिला नंबर लावला. कळंबोलीच्या कुणी राजलक्ष्मी पवार, वय सदुसष्ट. पलीकडून आवाज आला, गाडीबद्दल विचारायचं असेल तर मिस्टर घरी नाहीत, संध्याकाळी करा.

“नाही, आजी,” संघप्रिया म्हणाली. “मला तुमच्याशीच बोलायचंय.”

 पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि बाई बोलायला लागल्या.